जाकोमेत्तीची ‘अदृश्य वस्तू’: पक्षी, फळी आणि रिकामे हात कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तुम्ही स्विस शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीचं ‘अदृश्य वस्तू’ हे ब्राँझ पाहिलंत. उंच, बारीक अंगाची बाई, खुर्चीसारख्या सांगाड्यात अडकलेली, छातीसमोर दोन हात धरलेले आणि हातांत काहीच नाही. घरी येऊन शोधाशोध केलीत तर एक यादी सापडली: पक्षी म्हणजे मृत्यू, नडगीवरची फळी म्हणजे दडपलेली लैंगिकता, चाकासारखे डोळे म्हणजे नियती, रिकामे हात म्हणजे अस्तित्वातली पोकळी. दुसऱ्या कुणी त्याच हातांत बौद्ध शून्यता पाहिली. यातलं खरं कोणतं, आणि अतिवास्तववादी (सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि सुप्त मनावर भर देणाऱ्या) शिल्पातली प्रतीकं वाचायची तरी कशी, असं तुम्ही विचारलंत.

मी शिल्पकार आहे. तीसेक वर्षं मातीकाम, प्लास्टर आणि ओतकाम केलंय, आणि मधल्या काळात रसग्रहणाचे तासही घेतलेत. त्या यादीबद्दल माझं मत आधीच सांगतो: ती वहीतून फाडून टाका. तिच्यातली प्रत्येक गोष्ट चूक असेल असं नाही. पण अशी यादी हाताशी असली की माणूस शिल्पाकडे बघणं थांबवतो.

आपल्याकडे अश्वारूढ पुतळ्यांबद्दल एक समजूत आहे, तुम्हीही ऐकली असेल. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत म्हणजे स्वार रणांगणावर पडला, एक पाय वर म्हणजे जखमेने गेला, चारही पाय जमिनीवर म्हणजे अंथरुणात मेला. पुतळ्याखाली उभं राहून लोक मुलांना हे ठामपणे सांगतात. मी अशा कामांवर हात मळवलेत. तिथे पाय किती उचलायचा हे ठरतं समितीला हव्या असलेल्या आवेशावर, बजेटवर आणि वजन कुठून खाली उतरवायचं यावर. दोन्ही पाय वर हवे असतील तर बहुधा शेपटी जमिनीला टेकवावी लागते आणि तिच्यातून लोखंडी आधार खाली न्यावा लागतो. शेपटीचा अर्थ मात्र आजवर मला कुणी विचारलेला नाही.

ही सवय आपल्याला लागली ती मूर्तींमुळे, आणि मूर्तींच्या बाबतीत ती बरोबरच आहे. विष्णूच्या चोवीस मूर्ती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या त्या शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहे यावरून. क्रम बदलला की केशवाचा माधव होतो. तिथे संकेत ठरलेला असतो, घडवणाऱ्याला तो माहीत असतो आणि बघणाऱ्यालाही. हातातली वस्तू म्हणजे नावाची पाटीच. जाकोमेत्तीच्या बाईकडे आपण त्याच डोळ्यांनी जातो, पहिल्यांदा हातांकडे बघतो, आणि तिथे पाटीच नसते. मला तर वाटतं, मूर्ती बघायची सवय असलेल्या माणसाला हे शिल्प युरोपियन प्रेक्षकापेक्षा जरा जास्तच टोचतं.

अर्थाकडे जाण्याआधी समोर काय आहे ते नीट बघू. काम १९३४ सालचं. मूळ प्लास्टरमध्ये, उंची सुमारे दीड मीटर, म्हणजे शाळकरी मुलीएवढी. ते प्लास्टर आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तुम्ही पाहिलंत ते ब्राँझ १९५०च्या दशकातलं ओतकाम आहे, मूळ कामानंतर वीसेक वर्षांनी केलेलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतही एक ब्राँझ आहे. बाईचे गुडघे वाकलेले आहेत, पण ती धड बसलेली नाही. बसता बसता थांबली की उठता उठता अडकली, हे कितीही वेळ बघितलं तरी ठरत नाही. मागे उंच पाठीचा, आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा आहे. कुणाला तो सिंहासन वाटतो, कुणाला पिंजरा. नडग्यांवर एक सपाट फळी टेकवलेली आहे आणि ती पावलांपर्यंत येते. आसनावर शेजारी पक्ष्याचं डोकं आहे. समोरून काढलेल्या फोटोत ते सहज सुटतं, म्हणून पुस्तकातून शिल्पाची ओळख करून घेतलेल्यांना ते माहीतच नसतं. चेहरा मुखवट्यासारखा कोनदार, डोळे चाकांसारखे, तोंड उघडं. आणि तळवे समोरासमोर, बोटं ताणलेली.

आता एक करून बघा. मी हे वर्गात करून घेतो. घरातला नारळ घ्या, छातीच्या उंचीवर दोन हातांत धरा, गुडघे थोडे वाकवा. मग दुसऱ्या कुणाला तो नारळ अलगद काढून घ्यायला सांगा, तुमचे हात मात्र तसेच राहू द्या. पहिल्या काही क्षणांत हातांना नारळ अजून जाणवत राहतो. मग खांदे भरून येतात, आणि आपण नेमकं काय करतोय हे हातांनाच कळेनासं होतं: वस्तू गेली म्हणून धरून ठेवलंय, वस्तू येणार म्हणून पुढे केलेत, की समोरच्याला काहीतरी देतोय? एकदा एक विद्यार्थिनी या अवस्थेत पटकन म्हणाली, “सर, हात खाली करू का? पडेल असं वाटतंय.” हातांत तेव्हा काहीच नव्हतं. या शिल्पावर मी जे काही वाचलं त्यातल्या पुष्कळ मजकुरापेक्षा तिचं ते वाक्य मला उपयोगी पडलं.

मला वाटतं, या शिल्पातलं प्रतीक असं काम करतं. रिकामे हात अमुक गोष्टीच्या ‘जागी’ आलेले नाहीत. ते तुमच्या अंगात एक हालचाल सुरू करून देतात आणि ती पुरी होऊ देत नाहीत. हे मी पदरचं जोडत नाही. १९३०-३१च्या सुमाराला जाकोमेत्तीने ‘टांगलेला गोळा’ केला होता. पिंजऱ्यासारख्या चौकटीत दोरीने टांगलेला एक गोळा, त्याला खालून खाच, आणि खाली चंद्रकोरीसारखी तिरकी फोड. बघणाऱ्याला वाटतं की हा गोळा त्या कोरीवरून घसरावा. पण ते घसरणं मनाजोगं कधी होत नाही. कवी आंद्रे ब्रेताँ, म्हणजे अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या, आणि त्याच गटातला चित्रकार दाली त्यावर इतके खूश झाले की लगेच १९३१ मध्ये दालीने ‘प्रतीकात्मक काम करणाऱ्या वस्तू’ अशी एक कल्पनाच मांडली. भर ‘काम करणाऱ्या’ या शब्दांवर आहे. प्रतीक कशाचं आहे यापेक्षा ते काय करतं, याकडे ही मंडळी बघत होती. शब्दकोश उघडायची आपली सवय इथे आडवी येते.

शीर्षकातही हाच खेळ आहे. शिल्पाला दोन नावं आहेत. एक ‘अदृश्य वस्तू’, दुसरं ‘पोकळी धरणारे हात’. दुसरं फ्रेंचमध्ये उच्चारलं की ‘मँ तनाँ ल विद’ असं काहीसं होतं. ‘मँ’ म्हणजे हात, ‘तनाँ’ म्हणजे धरणारे. पण ते दोन शब्द जोडून ऐकले की ‘मँतनाँ’ होतो, आणि त्याचा अर्थ ‘आत्ता’. म्हणजे कानाला ऐकू येतं ‘आता, पोकळी’. आपल्या श्लेषासारखाच प्रकार, मराठीत मात्र आणता येत नाही. एका वाचनात बाई काहीतरी करते आहे, दुसऱ्यात फक्त वेळ झाल्याची सूचना आहे. इंग्रजी पाटी वाचून पुढे गेलेल्या माणसाला यातलं अर्धंच मिळतं.

आता डोक्याकडे येऊ. मला या शिल्पातली सगळ्यात रंजक जागा हीच वाटते, आणि तुमच्या यादीत तिला ‘चाक म्हणजे नियती’ एवढ्यावर उडवून लावलंय.

हे काम चालू असताना ब्रेताँ जाकोमेत्तीच्या स्टुडिओत ये-जा करत होता आणि त्याने ते सगळं लिहून ठेवलं. आधी १९३४ मध्ये लेख म्हणून आणि पुढे १९३७च्या पुस्तकात. तो सांगतो की बाकीचं शरीर ठरलेलं होतं, डोकं मात्र ठरत नव्हतं. एका वसंतातल्या दिवशी दोघे पॅरिसच्या जुन्या बाजारात भटकायला गेले. आपल्या चोरबाजारासारखाच प्रकार. तिथे जाकोमेत्तीला धातूचा एक मुखवटा दिसला, अर्धा चेहरा झाकणारा, डोळ्यांच्या जागी आडव्या फटी. त्याने तो उचलला, ठेवला, घुटमळला आणि शेवटी घेतला. ब्रेताँने स्वतःसाठी लाकडी चमचा घेतला, ज्याच्या दांड्याच्या टोकाला छोटीशी सपाता होती. ब्रेताँचं म्हणणं असं की त्या मुखवट्यामुळे शिल्पाचं डोकं सुटलं. मनाला जे सापडत नव्हतं ते बाजाराने हातात दिलं. तो मुखवटा पहिल्या महायुद्धातला असल्याचं नंतर त्याला समजलं, म्हणजे एका शोधाच्या मागे दुसरी भुतावळ उभी राहिली.

गोष्ट सुरेख आहे आणि बहुतांशी खरी असावी. पण सांगणाऱ्याला त्यात रस आहे हे विसरू नका. योगायोग ही माणसाच्या सुप्त इच्छेची उत्तरं असतात हे ब्रेताँला सिद्ध करायचं होतं, आणि जाकोमेत्तीचं शिल्प त्याला आयतं उदाहरण मिळालं. त्याच लिखाणात आणखी एक तपशील आहे. मध्यंतरी जाकोमेत्तीने हात खाली घेतले होते, त्यामुळे छाती उघडी पडली. ब्रेताँ अस्वस्थ झाला. त्याच्या मते त्यामुळे हातांतली अदृश्य वस्तूच नाहीशी झाली, आणि मित्राच्या आयुष्यात तेव्हा आलेल्या कुणा स्त्रीशी त्याने त्याचा संबंध जोडला. नंतर हात पुन्हा वर गेले. या शिल्पाचा अर्थ तो लावतो तो प्रेम करण्याच्या आणि प्रेम मिळवण्याच्या इच्छेचा, जिला आपलं माणूस अजून सापडलेलं नाही.

हा तपशील मी शिल्पकार म्हणून वाचतो तेव्हा वेगळंच दिसतं. हात किती उंचीवर, याने सगळं ठरत होतं. चार बोटं खाली गेले की नुसती एक नग्न बाई उरते, वर आले की दोन तळव्यांमध्ये ‘काहीतरी’ तयार होतं. मातीत किंवा प्लास्टरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ही भानगड ओळखीची आहे. तार वाकवायची, मागे जायचं, बघायचं, परत वाकवायची. अर्थ आधी ठरवून हात लावले असं इथे दिसत नाही. हात हलवता हलवता एका उंचीवर अर्थ आला आणि तिथे ते ठेवले.

पक्ष्याचं काय? इथे माझा नियम असा: बाहेरच्या कोशात जाण्याआधी त्याच माणसाच्या आधीच्या कामात बघा. सुदैवाने तुम्ही गेलात त्याच संग्रहालयात त्याचं १९३२चं ‘पहाटे चार वाजताचा राजवाडा’ आहे, लाकूड, काच, तार आणि दोरीचं नाजूक बांधकाम. त्यात वर उजव्या बाजूला पक्ष्याचा सांगाडा टांगलेला आहे. डिसेंबर १९३३च्या ‘मिनोतोर’ या नियतकालिकात त्याने स्वतः त्याबद्दल लिहिलं. एका स्त्रीबरोबर सहा महिने काढले, दोघं रात्री काड्यापेटीच्या काड्यांचा राजवाडा रचायची, जरा हात चुकला की एक भाग कोसळायचा. आणि तो पक्षी म्हणजे त्यांचा सहवास कोसळला त्याच्या आदल्या रात्री तिला दिसलेल्या पक्ष्यांपैकी एक. त्याच शिल्पात लांब झग्यातली एक स्त्री आहे, ती आई, तीही त्याने सांगितलंय. म्हणजे दोन वर्षं आधीपासून त्याच्याकडे पक्षी, स्त्री आणि चौकट एकत्र होत्या, आणि पक्षी काहीतरी तुटण्याच्या आदल्या क्षणाशी जोडलेला होता. त्यात जून १९३३ मध्ये त्याचे वडील गेले, चित्रकार जोवान्नी जाकोमेत्ती. तेव्हा ‘पक्षी म्हणजे मृत्यू’ हे अगदी हवेतलं नाही. पण ‘आता मोडणार’ हे मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या शब्दांतून येतं आणि बाईच्या अर्धवट बसण्याशीही जुळतं. मृत्यूत घाई नसते. या शिल्पात मात्र काहीतरी होता होता राहिलेलं आहे.

आणखी काही वाचनं थोडक्यात. राइनहोल्ड होल या अभ्यासकाने या आकृतीचं नातं सॉलोमन बेटांवरच्या एका बसलेल्या लाकडी पुतळ्याशी जोडलं, जो बाझेलच्या संग्रहालयात होता. जाकोमेत्ती स्विस, त्यामुळे बाझेल त्याला लांब नव्हतं. अर्धवट बसण्याची ती ढब पाहता मला हे पटण्यासारखं वाटतं, पण त्याने कळतं ते ढब कुठून आली एवढंच. काहींना पक्षी पाहून इजिप्तमधला आत्म्याचा पक्षी आठवतो. आणि मला स्वतःला, युरोपातल्या चर्चमध्ये मांडीवर बाळ घेतलेल्या मेरीच्या मूर्ती पाहिल्यापासून, या बाईच्या हातांतून बाळ काढून घेतल्यासारखं वाटतं. उंची तीच, आसनही तसंच, फक्त बाळ नाही. हे माझं मत, कुठे छापायचं असेल तर तसंच म्हणून छापा.

बौद्ध शून्यतेबद्दल: नाही. हात मुद्रेसारखे दिसतात म्हणून ती मुद्रा होत नाही. शून्यतेचा विचार करणाऱ्याच्या अंगात जी स्वस्थता असते तिचा इथे मागमूस नाही. बाईचं तोंड बघा. ती घाबरलेली आहे.

आता थोडं ब्राँझबद्दल, कारण इथे मी स्वतः एकदा घसरलोय. मेणाच्या पद्धतीत आपण मेणाची आकृती करतो, तिच्याभोवती साचा चढवतो, भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि आत उरते ती फक्त पोकळी. मग मुशीतून धातू ओततो. ओतणाऱ्याचा सगळा जीव त्या पोकळीत असतो. ती नीट राहिली तर पुतळा, नाहीतर रात्रभराची मेहनत भंगारात. आणि एवढं करून मोठं ओतीव काम आतून पोकळच ठेवायचं असतं, गाभा घालून. तर तरुणपणी मी एका व्याख्यानात मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की पोकळी धरणारे हात हे शिल्प म्हणजे ब्राँझ ओतण्याच्या क्रियेचंच रूपक आहे. टाळ्याही पडल्या. समोर एक वयस्कर ओतारी बसले होते, मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते. चहाच्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, “त्यानं केलं तेव्हा ब्राँझ होतं का?” नव्हतं. होतं ते पांढरं प्लास्टर, ब्राँझ वीसेक वर्षांनी आलं. आणि ते कुठल्या पद्धतीने ओतलं, हेही मी तपासलं नव्हतं.

तेव्हापासून पाटीवरची दोन सालं मी आधी वाचतो, काम केल्याचं आणि ओतल्याचं. तुम्हीही वाचत जा. १९३४च्या मनःस्थितीचे अर्थ प्लास्टरला लावा. ब्राँझने काय बदललं ते वेगळं बघा. प्लास्टर पांढरं असल्याने तळव्यांवर उजेड पसरतो आणि मधली जागा मऊ दिसते. काळपट पॅटिना, म्हणजे धातूवरचा रंगीत थर, चढलेल्या ब्राँझमध्ये बोटांच्या कडा चमकतात आणि मधली जागा धारदार होते. मागच्या पट्ट्याही धातूत आल्या की जास्त तुरुंगासारख्या वाटतात. ‘पिंजरा’ वाचणारे बहुतेक लोक ब्राँझ पाहिलेले असतात असा माझा एक बिनपुराव्याचा संशय आहे.

पुढे काय झालं तेही डोक्याच्या संदर्भात सांगायला हवं. हे शिल्प झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला जाकोमेत्ती समोर मॉडेल बसवून डोकी करायला लागला, अगदी शाळेत शिकवतात तशी. अतिवास्तववाद्यांना हा विश्वासघात वाटला. डोकं म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत आहे, असं ब्रेताँ म्हणाल्याचं सांगतात. १९३५च्या सुरुवातीला जाकोमेत्ती गटातून बाहेर पडला. त्याला मात्र डोकं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि पुढची तीस वर्षं तो तेच करत बसला. आता परत त्या बाईकडे बघा. ज्या एका जागी त्याचं अडलं होतं, तिथे त्याने बाजारातल्या मुखवट्याची मदत घेतली. ब्रेताँला ती शोधाची पूर्तता वाटली. मला तिथे एक माणूस डोकं करायचं टाळताना दिसतो, आणि आपण टाळलं हे त्याला काही महिन्यांत उमगलं असावं.

राहिली फळी. यादीतली ‘दडपलेली लैंगिकता’ मला पटत नाही, पण त्या जागी ठेवायला माझ्याकडे त्याच्याच शब्दांतला पुरावाही नाही. बाजूने गेलात तर एवढं दिसतं की फळीमुळे बाईला पाऊल पुढे टाकता येणार नाही. हात पुढे आलेत आणि पाय बंद केलेत, म्हणजे वरचं अंग जे मागतंय ते खालचं अंग होऊ देत नाही. एवढं शिल्पातच आहे, त्याला कोश लागत नाही. शिवाय माझ्यातला कारागीर म्हणतो, दीड मीटरच्या बारीक प्लास्टरच्या आकृतीत सगळ्यात आधी तडकतो तो घोटा. गुडघे वाकलेले, वजन पुढे झुकलेलं, अशा वेळी नडगीला पुढून काहीतरी टेकू द्यावासा वाटतोच. त्याने तो टेकू म्हणून दिला, की कोंडमारा म्हणून दिला, की एकासाठी दिला आणि त्यात त्याला दुसरं दिसलं, ते मी ठरवणार नाही. पुढच्या खेपेला गेलात तर समोर उभ्या राहू नका, डाव्या-उजव्या बाजूने खाली वाकून त्या फळीची खालची कड पावलांवर कशी टेकलीय ते बघा, आणि मला कळवा.